दुसरी शिदोरी

प्रवासाला निघताना शिदोरी बांधून घेण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. वाटेत भूक लागणार हे ठाऊक असते. म्हणून भाकरी, चटणी, कांदा फडक्यात बांधला जातो. परंतु जे घडेल असे वाटत नाही, त्याची तयारी आपण क्वचितच करतो. एका दिवसात जाऊन परत येण्याच्या डोंगरवाटेवर तर ही बेफिकिरी हमखास आढळते. ‘संध्याकाळी घरी येणारच, मग ओझे कशाला?’ असे म्हणून आपण निघतो. वस्तुतः डोंगरातले संकट बहुधा संध्याकाळी घरी येता न आल्यामुळेच वाढते. म्हणून एका दिवसाच्या वाटेलाही एका रात्रीची तयारी हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. भुकेची शिदोरी आपण घेतोच. संकटाची ही दुसरी शिदोरीही घ्यावी.

हे मत मला अनुभवाने शिकवले. काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आम्ही सात जण पुणे जिल्ह्यातील राजगडावर गेलो होतो. गुंजवणे गावातून चोरदरवाजाच्या वाटेने सकाळी चढलो. पद्मावती माचीवर जेवण झाले, तलावाकाठी गप्पा रंगल्या आणि उतरायला उशीर झाला. निम्म्या उतारावर एका सहकाऱ्याचा पाय मुरगळला. त्याला पाऊल टेकवेना. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराच्या सावलीत अंधार त्याहून लवकर दाटतो. सात जणांत मिळून एकच विजेरी निघाली, तीही मिणमिणती. घामाने भिजलेले सुती सदरे वाऱ्याने गार पडले. आमचा सहकारी कुडकुडू लागला. पुढे त्याचे बोलणेही अडखळू लागले. तो थकला असावा, असा आम्ही समज करून घेतला.

आमच्या हाका ऐकून गावातील एक वृद्ध गृहस्थ वर आले. हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी. काही न विचारता त्यांनी ती घोंगडी सहकाऱ्याभोवती गुंडाळली आणि मग म्हणाले, “सायेब, डोंगरात आलात अन् अंगावर घ्यायला काहीच नाही आणलंत?” त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या पिशव्यांत फरसाण होते, पत्त्यांचा जोड होता, दोन कॅमेरे होते. त्या क्षणी उपयोगी पडेल असे काहीच नव्हते.

मग बरोबर काय घ्यावे? दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: ‘आज रात्री वाटेतच थांबावे लागले, तर माझ्या जिवाला सर्वांत आधी कशापासून धोका आहे?’ पुष्कळांच्या मनात पहिले उत्तर येते ते भुकेचे. प्रत्यक्षात एका रात्रीच्या उपासाने निरोगी मनुष्य मरत नाही. खरा धोका असतो तो गारठ्याचा. आपल्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली घसरले, की शरीराचे व्यवहार बिघडू लागतात. बोलणे अडखळते, विचार मंदावतो, हातापायांवरचा ताबा सुटतो. त्यासाठी बर्फच पडावा लागतो असे नाही. ओले कपडे आणि वारा एवढे दोन शत्रू पुरतात. म्हणूनच सह्याद्रीतील पावसाळी रात्रही घातक ठरू शकते.

यावरून पहिली निवड ठरते. पिशवीच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कोरडा लोकरीचा स्वेटर असावा आणि वारापाऊस अडवणारे एक आवरण असावे. सुती कापड भिजले की ऊब देत नाही. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब टिकवते. धनगराची घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, ती याच गुणामुळे. आज बाजारात चंदेरी मुलाम्याचे पातळ आपत्कालीन पांघरूणही मिळते. त्याचे वजन एखाद्या चपातीइतके असते आणि ते शरीराची उष्णता परत आत परावर्तित करते. मात्र ते चटकन फाटते; म्हणून त्याला स्वेटरची जोड हवी.

येथे विस्तवाविषयी थोडे सांगितले पाहिजे. परदेशी पुस्तकांतील याद्यांमध्ये आग पेटवण्याच्या साधनांना फार वरचे स्थान असते. थंड प्रदेशातील अरण्यांत ते योग्यच आहे. आपल्या डोंगरांत मात्र पावसाळ्यात लाकूड पेटत नाही आणि उन्हाळ्यात वाळलेले गवत एका ठिणगीने भडकून वणवा लागतो. धुराने आग्या मोहोळही उठते. काड्यापेटी जवळ असावी. पण आपली भिस्त तिच्यावर नसावी. दुसऱ्या मुलखाची यादी जशीच्या तशी उचलू नये, हा धडा यातून घ्यावा. तुम्ही राजस्थानात असाल, तर तुमच्या यादीत पाण्याला पहिले स्थान मिळेल. हिमालयाच्या पायथ्याशी असाल, तर उबदार कपड्यांना.

दुसरी निवड प्रकाशाची. कपाळाला बांधता येणारी विजेरी उत्तम, कारण तिने दोन्ही हात मोकळे राहतात. विजेरी प्रत्येकाकडे स्वतंत्र हवी आणि जादा सेलही हवेत. मोबाइलच्या प्रकाशावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. ज्या यंत्राने मदत मागायची, त्याचीच शक्ती वाट उजळण्यात संपून जाते. ११२ हा देशभर चालणारा आपत्कालीन क्रमांक प्रत्येकाने लक्षात ठेवावा; परंतु दरीत मोबाइलला संदेशलहरी मिळतीलच असे नाही. अशा वेळी साधी शिट्टी कामी येते. ओरडून घसा बसतो. शिट्टी थकलेल्या माणसालाही वाजवता येते. ठरावीक अंतराने तीन-तीन वेळा वाजवलेली शिट्टी म्हणजे मदतीची हाक, असे अनेक देशांत मानले जाते.

तिसरी निवड पाण्याची. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणून तेथेच काटकसर करण्याचा मोह होतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती काटकसर अंगाशी येते. शिवाय जलसंजीवनीची दोन पाकिटे ठेवावीत. ती नसतील, तर एक लिटर स्वच्छ पाण्यासाठी चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुडीत बांधून घ्यावे. साखर-मिठाचे हे माप चुकवू नये.

प्रथमोपचारासाठी लवचिक पट्टी, निर्जंतुक कापूस, चिकटपट्टी आणि स्वतःची नेहमीची औषधे पुरेत. काय घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. सर्पदंशाची जखम कापून विष शोषून काढण्याची साधने कोठे मिळाली, तरी ती घेऊ नयेत. कापण्याने व शोषण्याने अपायच होतो. दंश झालेला अवयव हलू न देणे, धीर देणे आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात लवकर पोहोचवणे, हाच योग्य उपाय आहे. दोराचेही तसेच. ज्याला गाठ मारता येत नाही, त्याच्या हातातील दोर हा आधार नसून फसवणूक आहे. जी वस्तू घरच्या अंगणात अंधारात वापरून पाहिलेली नाही, ती डोंगरात उपयोगी पडत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ‘गावची माणसे रोज डोंगर चढतात, ती कोठे असल्या पिशव्या घेतात?’ आक्षेप बिनतोड वाटतो. पण त्या वृद्ध गृहस्थांकडे पुन्हा एकदा पाहा. घराजवळच्याच वाटेवर आले असूनही ऊब, प्रकाश आणि आधार या तिन्ही गोष्टी त्यांच्या अंगावर होत्या. शिवाय प्रत्येक वळण, प्रत्येक पाणवठा त्यांना ठाऊक होता. आपल्यापाशी ते ज्ञान नाही. म्हणून आपल्याला वस्तू थोड्या अधिक लागतात. तरीही पाणी सोडून या साऱ्यांचे वजन दीड किलोपेक्षा अधिक होत नाही.

शेवटी प्रश्न केवळ आपल्या जिवाचा उरत नाही. आपण अडकलो, की कोणीतरी आपले जेवण टाकून, अंधारात, त्याच निसरड्या वाटेने वर चढतो. कधी तो गावकरी असतो, कधी गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी बचावपथकातील तरुण. बहुधा तो विनामोबदला येतो आणि स्वतःचा जीव धोक्यात घालतो. आपण दीड किलो वजन टाळले, तर ते शतपटीने त्याच्या खांद्यावर पडते. त्या रात्री सहकाऱ्याला खाली आणले, तेव्हा गावातील चार जणांनी त्याला आळीपाळीने पाठीवर घेतले होते. पहाटे त्यांना शेतावर जायचे होते.

दुसरी शिदोरी बहुतेक वेळा न उघडताच घरी परत येते. ती वाया गेली असे मानू नये. घरी आल्यावर तिच्यातील सेल तपासावेत, स्वेटरला ऊन द्यावे आणि पुढच्या वाटेसाठी ती पुन्हा बांधून ठेवावी.