रिमोट बिघडला, टी.व्ही. नव्हे!
(बी. ए. भाग दोन)

"बटनं मेले, पन टी.व्ही. त जित्ता हाये ना? मंग फेकता कायले?" आमच्या आबांचा हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

उंद्रीच्या आमच्या घरी जुना, पिक्चर ट्यूबचा टी.व्ही. आहे. अर्धांगामुळे आबा खाटेवर आहेत. बातम्या आणि कीर्तन हाच त्यांचा विरंगुळा. गेल्या दिवाळीत रिमोट बंद पडला. टी.व्ही.च्या अंगावर आवाजाची बटने आहेत, पण सेटटॉप बॉक्सचे चित्र आणणारे 'ए.व्ही.' बटन फक्त रिमोटवरच! वीज जाऊन परत आली की पडद्यावर नुसत्या मुंग्या.

दादा म्हणाला, "सोयाबीन विकलं की हप्त्यावर नवा घेऊ." बाबा माझ्याकडे वळले, "तू कॉलेजात शिकतोस, तूच सांग." घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण त्या क्षणी मला काहीच सांगता येईना. खरे सांगतो, लाज वाटली.

मग विचारत, वाचत शिकलो. रिमोट अवरक्त किरणांनी बोलतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट ठिपका दिसतो. आवाजाचे बटन दाबले, ठिपका दिसला. 'ए.व्ही.' दाबले, अंधार! म्हणजे सेल चांगले, दिवा चांगला. बटनाखालच्या रबराचा काळा थर झिजलेला. स्पिरिटने पुसून पाहिले, उपयोग झाला नाही. बाजारातला 'सर्व कंपन्यांना चालणारा' रिमोट आणला. त्याने आवाज बदलला, पण 'ए.व्ही.' आले नाही. सगळ्या रिमोटची सांकेतिक भाषा एकच नसते. शेवटी चिखलीच्या एका दुरुस्तीवाल्याने जुन्या रिमोटवरचा क्रमांक पाहिला, ढिगातून त्याच क्रमांकाचा काढला आणि 120 रुपयांत आबांची खाट पुन्हा बोलती झाली.

प्रश्न एका घराचा नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपन्या संकटात सापडतात, पण त्यांचे संच लोकांच्या घरात चालूच असतात. त्यांच्या सुट्या भागांची जबाबदारी कोणाची? केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' संकेतस्थळ सुरू केले. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले. हे स्वागतार्हच आहे. परंतु मूठभर रबरासाठी, काचेत शिसे असलेला अख्खा संच उकिरड्यावर जाणार असेल तर ते नियम गावापर्यंत पोचले असे कसे म्हणावे?

माझे मत स्पष्ट आहे. एक, रिमोटवाचून वस्तू अडून राहू नये; आवश्यक बटने तिच्या अंगावर असावीत. दोन, विक्री थांबल्यावर कंपनीने रिमोटची सांकेतिक भाषा जाहीर करावी, म्हणजे कोणीही तो बनवू शकेल. कोणी म्हणतील, जुन्याला किती दिवस कवटाळायचे? ज्याला परवडते त्याने नवे जरूर घ्यावे. पण एका बटनापायी कर्ज काढायला लावणे ही प्रगती नव्हे.

आणि मित्रांनो, तिसरी गोष्ट आपल्यासाठी. आपण कलाशाखेचे, म्हणून स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही, असे कोणी सांगितले? आपले आईवडील औताचा फाळ, मोटारपंप, सायकल सारे दुरुस्त करून वापरतात. शिक्षणाने तेवढे तरी आपल्या हातून जाऊ नये.