शिकागोत नव्हे, तेरखेड्यात

1966 साली जॉर्जियातल्या एका अडुसष्ट वर्षांच्या परिचारिकेने शिकागो विद्यापीठात मराठी गिरवायला घेतली. तिचे नाव लिलियन कार्टर. मुलगा जिमी तेव्हा जॉर्जियाच्या राजकारणात धडपडत होता, त्याचे अध्यक्षपद अजून दहा वर्षे लांब होते. सेवेला वयाची आडकाठी नाही, अशी पीस कोअरची, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, जाहिरात टीव्हीवर पाहून बाईंनी अर्ज भरला होता. प्रशिक्षण तीन महिन्यांचे. त्या काळी शिकाऊ स्वयंसेवकाला अधूनमधून तपासून 'नापसंत' ठरवत आणि सरळ घरी पाठवत. त्यामुळे परक्या देशात टिकू का, ही धास्ती नंतरची. जायला मिळेल का, हीच पहिली.

जायला मिळाले. वर्ष संपता संपता त्या विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत पोचल्या. हाडाच्या परिचारिकेला काम मिळाले ते कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे. ते त्यांच्या मनाला रुचले नाही. दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करायला मिळाली तेव्हा कुठे त्या रमल्या. एकवीस महिन्यांच्या त्या मुक्कामातली पत्रे 1977 मध्ये पुस्तकरूपाने आली.

पीस कोअरने पुढे आपली पद्धत बदलली. प्रशिक्षण अमेरिकेतल्या विद्यापीठांतून उचलून काम करायच्या देशातच नेले. आता शिकाऊ स्वयंसेवक स्थानिक कुटुंबात राहतो, भाषेचे तास करतो आणि नेमणूक कुठे होणार याची वाट पाहतो. ठिकाण कळते ते काही आठवड्यांनी.

हेच आठवडे सर्वांत अवघड जातात. आपल्या देशात चार माणसे हाताखाली वागवलेल्या इंजिनिअरला इथे आंघोळीचे पाणी कुठून घ्यायचे तेही विचारावे लागते. घरातले सहा वर्षांचे पोर त्याचे उच्चार सुधारते. शेजारीपाजारी कौतुकाने बघतात, पण काम कोणी सांगत नाही. आपण कुणाच्या उपयोगाला आलो आहोत, असे दिवसभरात एकदाही वाटत नाही. यावर संस्थांचे ठरलेले उत्तर असते: जुळवून घ्या. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात सगळा भार स्वयंसेवकावर पडतो. प्रशिक्षण कुठे होते, शिकवते कोण आणि नेमणुकीचा निर्णय कधी कळतो, हे तिन्ही प्रश्न संस्थेच्या हातातले. त्यांची उत्तरे नीट असली, तर जुळवून घेणे निम्मे सोपे होते.

धाराशिव जिल्ह्यातले तेरखेडाच घ्या. वाशी तालुक्यातले, सोलापूर-धुळे महामार्गावरचे हे गाव फटाक्यांसाठी मराठवाडाभर ओळखले जाते. समजा, आरोग्याचे काम करू पाहणारी एखादी परदेशी तरुणी इथे दोन महिने राहिली. भाजल्यावर काय करावे, हे ती वर्गात शिकून आलेली असेल. पण दारू भरणाऱ्या बाईला मजुरी दिवसावर मिळते की नगावर, दिवाळीच्या तोंडावर कामाचे तास किती वाढतात, हातमोजे घातले तर वात वळता येते का, हे तिला त्या बाईशेजारी बसूनच कळेल. ते कळेपर्यंत तिने सुरक्षिततेवर भाषण देऊ नये. दोन महिने भाषण न देता राहणे, हेच खरे प्रशिक्षण.

शिकवणार कोण, हा प्रश्न इथे तरी पडू नये. शेजारच्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये काम सुरू केले आणि फारशी शाळा न शिकलेल्या बायकांना गावच्या आरोग्यसेविका केले. या दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी तिथे शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या सेविकाही होत्या. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननेही गावोगावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन उभे केले आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. गाव म्हणजे कुणाची प्रयोगशाळा नव्हे. पाहुणा आला की चूल फुंकायची घरच्या बाईनेच. म्हणून यजमान कुटुंबाला पैसे द्यावेत आणि ते त्या बाईच्या खात्यात जमा व्हावेत. भाषा शिकवणाऱ्याला शिक्षकाचे मानधन असावे. नेमणुकीची तारीख पहिल्याच आठवड्यात लेखी मिळावी आणि ती चुकली तर कारणही लेखीच.

गावात राहून होणाऱ्या अशा प्रशिक्षणाची पहिली तुकडी परदेशीच हवी असेही नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. या करारातून जाणारी मुले स्वयंसेवक नाहीत, पगारी नोकरीसाठी जाणार आहेत. पण भाषा शिकायची, कागदपत्रे जुळवायची आणि बोलावण्याची वाट पाहायची, हा फेरा त्यांनाही चुकत नाही. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांना खेड्यातल्या कामाची सवय आहे. या संस्थेने पुढाकार घेऊन तेरखेड्यात दहा-बारा घरे निवडली, तर बाहेरून येणारे आणि बाहेर जाणारे अशा दोघांनाही हा मधला काळ एकत्र घालवता येईल. जर्मन शिकणारा पोरगा आणि मराठी शिकणारी पाहुणी एकाच ओसरीवर बसले, तर एकमेकांच्या चुका काढायला दोघांनाही संकोच वाटणार नाही.