गप्प मूल म्हणजे गुणी मूल नव्हे

प्रगतिपत्रकावर आपण शिक्षक एक शेरा फार सहज लिहून टाकतो : ‘वर्गात शांत असतो.’ पालकही खूश होतात. मुलगी असेल तर विचारायलाच नको, ‘शहाणी झाली’ म्हणून घरभर कौतुक. पण गेल्या वर्षी बडबडणारे मूल यंदा सहामाहीनंतर एकदम गप्प झाले असेल, तर ते शांत झालेले नाही, ते बदललेले आहे. हा बदल टिपणे शिक्षकाचेच काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

यावर स्टाफरूममधले उत्तर ठरलेले : ‘आम्ही काय डॉक्टर आहोत?’ नाही आहोत. पण मूल डोळे बारीक करून फळ्याकडे बघू लागले की आपण घरी सांगतोच ना, डोळे तपासून घ्या म्हणून? चष्म्याचा नंबर आपण काढत नाही. मग मनाच्या बाबतीतच हात का झटकायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार निम्म्या मानसिक आजारांची सुरुवात वयाच्या १४व्या वर्षापर्यंत होते. म्हणजे आपला आठवी-नववीचा वर्ग! एकाच वयाची चाळीस-पन्नास मुले रोज पाच-सहा तास समोर बसलेली. अशी सोय ना घरात आहे, ना दवाखान्यात.

बघायचे ते साधेच आहे. मित्र सुटले का? डबा तसाच परत जातो का? अक्षर बिघडले का? ‘सगळे माझ्याबद्दलच बोलतात’ असे वारंवार म्हणतो का? मुलाची तुलना पहिल्या नंबराच्या मुलाशी नको, त्याच्या स्वतःच्या गेल्या वर्षाशी करा. एका खुणेवरून आजार ठरत नाही. मागे गरिबी असेल, रात्रीचे काम असेल, घरातले मरण असेल. म्हणून शिक्का मारू नका. पालकांना एकटे बोलावून सांगा, पालकसभेत नव्हे.

आता आपल्या मोहल्ल्याबद्दल. ‘असर झालाय’ म्हणत आमिलाकडे, तावीजकडे धावण्यात वर्षे जातात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याजवळच्या आश्रमात, साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांना पळताही आले नाही. दुआ जरूर करा, पण अल्लाहने आजाराबरोबर शिफाही दिली आहे, हे आपणच मुलांना शिकवतो ना? मग इलाज टाळणे हे कसले ईमान?

सरकारलाही सोडता येत नाही. शिक्षकाला ऑनलाइन माहिती भरायला बसवायचे, शाळेला समुपदेशक द्यायचा नाही, आणि बी.एड.मधला मानसशास्त्राचा पेपर पाठांतरावर सोडवून घ्यायचा. खूण ओळखली तरी मूल पाठवायचे कुठे? निदान टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहा. त्याला शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही, खडू पुरतो.

आणि पुढच्या वेळी ‘शांत असतो’ लिहिण्याआधी एकदा त्या मुलाशी बोला.