जोडप्याची गादी आंदणात नको

कोल्हापूर भागात लग्न ठरलं की याद्या होतात. मानपान, भांडी, कपाट आणि त्याच ओळीत पलंग-गादी. बाजारात हे सगळं ‘संसार सेट’ म्हणून एकत्रच मिळतं. मुलीचे वडील, मामा आणि भाव पाडण्यात तरबेज असा एखादा नातेवाईक दुकानात जातात, गादीवर पंजा दाबतात, “कडक आहे ना?” एवढं विचारतात आणि गादी टेम्पोत चढते. जी दोन माणसं तिच्यावर पुढची आठ-दहा वर्षं झोपणार, ती बहुतेक वेळा तिथं नसतातच. ही रीत मोडायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा आहे आणि आंदणाच्या यादीबद्दल त्या अंगानं पुष्कळ बोललं गेलं आहे. इथं मी फक्त गादीपुरतं बोलतो, कारण नावडतं कपाट घरात खपून जातं. न मानवणारी गादी मात्र रोज रात्री सोसावी लागते.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं. जाणते सांगतात, गादी कडकच हवी, मऊ गादीनं कंबर जाते. या गावात त्याला पुराव्यालाही तोटा नाही, कारण तालीम हाकेच्या अंतरावर आहे. तालमीत राहणारी पोरं सतरंजीवर, पातळ वळकटीवर झोपतात आणि कुस्तीला खासबागेच्या मैदानात उतरतात. त्यांची पाठ बघा, असं म्हटलं की वाद संपतो. तो तिथं संपू नये. ते पोर वीस वर्षांचं आहे, पहाटेपासून जोर-बैठका मारून दमलेलं आहे. त्याची पाठ व्यायामानं आणि खुराकानं घडली आहे. सतरंजीनं तिला काय दिलं हे कुणी तपासलेलं नाही. त्याच्या अंथरुणाचा दाखला पस्तिशीतल्या बँकेतल्या कारकुनाला आणि बाळंतपणातून उठलेल्या त्याच्या बायकोला कसा लागू पडेल?

तपासलेली गोष्ट वेगळी आहे. स्पेनमधले डॉ. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांचे सहकारी यांनी कंबरदुखी जुनी झालेल्या ३१३ प्रौढांना दोन गटांत विभागलं. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. कुणाला कोणती मिळाली हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. ९० दिवसांनी मध्यम गादीवाल्यांची झोपतानाची आणि उठतानाची दुखी जास्त उतरली होती, दिवसभराच्या हालचालीही सुधारल्या होत्या. २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. हा अभ्यास कंबर दुखणाऱ्यांचा होता, सगळ्यांचा नव्हता, हे मान्य. पण ‘कंबर दुखते म्हणून कडक घ्या’ हा सल्ला ज्यांच्या नावानं दिला जातो, त्यांच्यावरच तो खोटा ठरला. तरी दुकानात ‘ऑर्थोपेडिक’ अशी चिठ्ठी असलेली गादी पुढं ओढली की गिऱ्हाईक गप्प होतं. त्या शब्दामागे कडकपणाचं एक ठरलेलं माप नाही. दोन कंपन्यांच्या दोन ‘ऑर्थोपेडिक’ गाद्या एकमेकींपेक्षा पुष्कळ वेगळ्या असू शकतात.

फार कडक गादी का मानवत नाही, याचं कारण समजून घ्यायला अवघड नाही. कुशीवर झोपलेल्या माणसाचा भार खांद्यावर आणि खुब्यावर येतो. गादी फार कडक असेल तर ही दोन हाडं दाबली जातात आणि कंबर मध्येच अधांतरी राहते. फार मऊ असेल तर खुबा खाली जातो आणि पाठीचा कणा झोळीसारखा वाकतो. खांदा आणि खुबा हवे तेवढे आत जावेत, कंबरेला खालून आधार मिळावा, एवढंच काम चांगल्या गादीनं करायचं असतं. स्त्रीचा खुबा साधारणपणे कंबरेच्या मानानं रुंद असतो, त्यामुळे कडक गादीचा जाच तिला जास्त होतो. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपा असं डॉक्टर सांगतात. म्हणजे लग्नातली फळीसारखी गादी नेमकी तेव्हा तिला टोचू लागते.

मुख्य मुद्दा पुढचा आहे. कडक किंवा मऊ हा गुण एकट्या गादीचा नसतोच, तो गादी आणि वजन यांच्या जोडीचा असतो. नव्वद किलोच्या नवऱ्याला जी मध्यम वाटते, तीच पन्नास किलोच्या बायकोला दगड वाटते. बायकोला नीट बसणारी गादी घेतली तर नवऱ्याच्या बाजूला खळगा पडतो आणि ती रात्रभर त्याच्याकडं घरंगळत राहते. दोन अंगांना एक माप कसं चालेल? पायात घालायच्या कोल्हापुरी चपलेचं माप आपण दोघांचं वेगवेगळं देतो. पाठीचं मात्र मामांच्या पंजावर सोडतो.

यावर दुसरा आक्षेप येतो आणि तो भावनेचा आहे: नवरा-बायकोच्या गाद्या वेगळ्या म्हणजे संसारात अंतर. हा आक्षेप परंपरेच्या नावानं घेतला जातो, पण परंपरा त्याच्या बाजूनं बोलत नाही. जुन्या घरात माजघरात, सोप्यात रात्री अंथरुणं पडायची. प्रत्येकाची गादी एकेरी, सकाळी वळकटी करून कोपऱ्यात. अख्खी डबल गादी आपल्या घरांत शिरली ती डबल बेडच्या मागून. जर्मनीत आजही एका पलंगावर दोन एकेरी गाद्या टाकून झोपणारी जोडपी सर्रास आढळतात. एका पलंगावर, एका चादरीखाली शेजारी झोपण्याला दोन गाद्या आड येत नाहीत.

रुंदीचा हिशेबही मांडून बघावा. चार बाय सहाच्या पलंगावर माणशी फक्त २४ इंच येतात. पाच फुटी पलंगावर ३०. एकेरी गादी मात्र ३६ इंचांची असते. म्हणजे लग्नाआधी ज्याला तीन फूट मिळत होते, त्याला लग्नानंतर अडीच, आणि वर्ष-दोन वर्षांत मध्ये एक बाळही येतं. खोलीत मावत असेल तर सहा फुटी पलंग करावा आणि त्यात तीन-तीन फुटी दोन गाद्या आपापल्या वजनाप्रमाणे घ्याव्यात. मधल्या फटीचं काय, असं विचारलं जातं. प्रश्न खरा आहे, विशेषतः बाळ मध्ये झोपणार असेल तर. दोन्ही गाद्यांची जाडी सारखी घ्यावी, त्या पलंगाच्या चौकटीत घट्ट बसतील असं माप द्यावं आणि वरून घरची एक जाड वाकळ आडवी अंथरावी. फट लागत नाही.

वेगळ्या गाद्यांचा आणखी एक फायदा इथल्या जगण्यातून कळतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळ्या चालतात, इचलकरंजीचे माग रात्रीही चालू असतात. नवरा रात्री दोनला येऊन आडवा होतो आणि बायकोला धार काढून डेअरीला दूध घालायला पहाटे उठायचं असतं. जोडलेल्या स्प्रिंगांच्या गादीवर एकाच्या कुशीनं दुसऱ्याची झोप मोडते. एकच गादी घ्यायची असेल तर निदान पॉकेट स्प्रिंगची घ्यावी. तिच्यात प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, त्यामुळे हालचाल पलीकडं कमी पोहोचते.

फोमच्या बाबतीत दुकानात ‘चाळीस डेन्सिटी’ हे शब्द कडकपणाच्या अर्थानं वापरले जातात, तेही चूक. चाळीस म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन चाळीस किलो, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. तो मऊ लागेल की कडक हे त्यावरून ठरत नाही. जाडीचंही तसंच. दहा इंची गादीत खालचे सात इंच हलक्या फोमचे असतील तर ती जाडी फक्त दिसण्यापुरती.

कापसाची गादी जुनाट म्हणून मोडीत काढणाऱ्यांशीही माझा वाद आहे. ती घट्ट होते, गोळे धरते हे खरं. पण ती दुरुस्त होते, आणि हा गुण फोम किंवा स्प्रिंगच्या गादीत नाही. नदाफांच्या कारखान्यात जाऊन बघा. जुनी गादी उसवतात, गोळा झालेला कापूस पिंजण-यंत्रातून काढतात, तो फुगून दुप्पट दिसू लागतो. मग खोळीत भरून काठीनं सारखा करतात आणि दाभणानं जाड दोऱ्याचे टाके घालून कडा बांधतात. तिथं नवरा-बायको दोघं सांगू शकतात की याच्या गादीत कापूस दाबून भरा, हिच्यात जरा सैल ठेवा. मापानं शिवून मिळणारी गादी आपल्या गावात आहे आणि आपण ती टाकून देतो. इथल्या पावसाळ्यात ओल धरणारी गादी उन्हात टाकून सुकवताही येते. फोम किंवा कॉयरची घेतलीत तर पलंगाच्या प्लायवूडला खालून भोकं पाडून घ्या, नाहीतर श्रावण संपेपर्यंत तळाला बुरशी येते.

मग गादी निवडायची कशी? दोघांनी जावं आणि दोघांनी आडवं व्हावं. उताणं झोपून कंबरेखाली तळवा सरकवावा: हात सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी कडक, शिरतच नसेल तर मऊ. मग नेहमीच्या कुशीवर वळावं आणि दुसऱ्यानं मागून पाठीची रेघ बघावी. मानेपासून माकडहाडापर्यंत ती सरळ हवी. नंतर दोघांनी एकत्र पंधरा मिनिटं पडून राहावं. काही कंपन्या घरी शंभर रात्री वापरून परत करायची मुभा देतात. कोल्हापुरातल्या दुकानदाराकडंही ती मागायला संकोच नको.

इथं मात्र दोष गिऱ्हाइकाचा राहत नाही. साडी नेसलेली नवी सून, समोर सासू, शेजारी दोन विक्रेते, रस्त्यावरून दिसणारी काच, अशा दुकानात ती गादीवर आडवी होईल का? ती काठावर बसते, हातानं दाबते आणि “चांगली आहे” म्हणते. तिची पसंती तिथंच संपते. म्हणून गाद्या विकणाऱ्या दुकानदारांना माझी विनंती आहे: दुकानाच्या मागच्या भागात एक पलंग ठेवा, त्याच्यावरच्या गादीचा प्लास्टिकचा कागद काढा, भोवती पडदा लावा आणि जोडप्याला तिथं पंधरा मिनिटं एकटं सोडा. आणि मुलींच्या वडिलांनो, यादीतून गादी आजच खोडा; ती त्या दोघांना त्यांच्या पैशानं, त्यांच्या पाठीनं घेऊ द्या.