निदान, निदान तरी करा!

माझा जन्म १९८२ चा आणि आमच्या बजाज चेतकचाही. फरक इतकाच की मी न मागता आलो, आणि तिच्यासाठी वडिलांनी कैक वर्षे नंबर लावून ठेवला होता. त्यामुळे घरात तिचा मान माझ्याहून मोठा. वडील गेले, स्कूटर राहिली. मेहकरच्या दवाखान्यात आईला न्यायचे तर तिच्यावरूनच. "एष्टीत मले धक्के बसतात," असे आई म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात धक्के स्कूटरलाच बसू लागले. जानेफळ सोडेपर्यंत टुणटुणीत. चार-पाच किलोमीटर गेले की खोकायची, मिसिंग मारायची आणि गप्प. दहा मिनिटे उभी केली की जणू काही झालेच नाही!

पहिल्या मिस्त्रीने लांबूनच आवाज ऐकून सांगितले, "प्लग गेला." नवा टाकला. दुसरा म्हणाला, "कॉइल." तीही टाकली. तिसऱ्याने कार्बोरेटर बदलला आणि चौथा म्हणाला, "साहेब, इंजिन खोला लागते. नाहीतर इकून टाका, कायले जीव लावता डबड्याले?" चौघांपैकी एकानेही एवढे विचारले नाही की बाबा रे, ही बंद पडते तरी केव्हा?

माझे भांडण आहे ते इथे. आम्ही बँकेतली माणसे. संध्याकाळी हिशेबात सत्तावीस रुपयांचा फरक आला तर आम्ही काय कॅशियर बदलतो? फरकाला नऊने भाग जातो का, ते आधी पाहतो. गेला, तर बहुधा कोणीतरी ६३ चे ३६ लिहिलेले असतात. संगणक आले तरी बोटे तीच आहेत! चूक आधी सापडते, खोडरबर मग निघते.

इंजिनाचेही खाते साधे आहे. त्याला पेट्रोल हवे, हवा हवी आणि वेळेवर ठिणगी हवी. प्लग काढून पाहावा. कॉफीच्या रंगाचा असेल तर तब्येत ठीक. काळा-ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढराफटक असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवून किक मारली की ठिणगी दिसते. कार्बोरेटरची वाटी उघडली की तळाशी पाणी आहे का तेही कळते. इथेनॉलच्या पेट्रोलला तर पाण्याची भारीच ओढ. यातल्या एकाही तपासणीला पार्ट लागत नाही. आणि गोम तिथेच आहे, कारण पार्ट नाही तर बिल कसले?

पण सगळा दोष मिस्त्रींच्या माथी मारणे बरे नव्हे. अर्धा तास डोके खाजवून कोणी एक स्क्रू पिळला असता, तर "एका स्क्रूचे पन्नास?" म्हणून वाद घालणारा मीच! नव्या कॉइलचे पैसे मात्र मुकाट्याने मोजले. डोक्याला मजुरी द्यायची नाही, डब्यातल्या मालाला द्यायची. मग मिस्त्रीने तरी डोके का वापरावे?

शेवटी निदान केले आईने. भर उन्हात, मेहकरच्या वाटेवर, लिंबाच्या झाडाखाली. "बाबू, पेट्रोल तरी हाय का पाह्य बरं." पेट्रोल होते. पण टाकीचे टोपण उघडताच 'फुस्स' करून हवा आत शिरली, आणि एका किकमध्ये गाडी सुरू!

टोपणाला श्वास घ्यायला एक बारीक भोक असते, ते धुळीने बुजले होते. पेट्रोल खाली उतरते तशी वरून हवा आत शिरली पाहिजे. ती न मिळाली की टाकी पेट्रोल सोडत नाही. दहा मिनिटांत कुठूनतरी थोडी हवा झिरपली की पुन्हा सोडते. आईने बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. दुरुस्तीचा खर्च शून्य.

समृद्धी महामार्ग मेहकरजवळून गेला. त्यावर दुचाकीला मज्जाव, म्हणून आमची चेतक जुन्याच रस्त्याने जाते. पण न थांबता जाते.

परवा मलाच दम लागू लागला. दवाखान्यात मान वर न करता आठ तपासण्यांची चिठ्ठी मिळाली. घरी आलो तर आईने विचारले, "केव्हा लागते रे दम?"

"जेवल्यावर."

"मग आधी पट्टा सैल कर!"