रिमचा इंच, रबराचा अर्धा इंच



डहाणू-तलासरीच्या पेठेत दुकानाची धुरा हाती घेणारी तरुण पिढी आता गाडीही आपल्या मनाची निवडते. स्विफ्ट, आय-ट्वेंटी एन लाइन, व्हर्टस अशा चपळ गाड्या दारात येतात आणि महिना लोटत नाही तोच ‘रिम बदलायची’ हा विषय जेवणाच्या पाटावर निघतो. वडीलधारी मंडळी तिला चैन समजून एका शब्दात नकार देतात, तर चिरंजीव वापीच्या दुकानातील चकाकणारी रिम मोबाइलवर दाखवीत राहतात. या वादात मापाचा उल्लेख मात्र कोणीच करीत नाही. वास्तविक सारा व्यवहार त्या मापातच आहे, आणि आकडेमोड तर आपल्या रक्तातच आहे.

टायरच्या बाजूवर जे कोरलेले असते ते वाचावयास शिकावे. २०१८ साली आलेल्या स्विफ्टच्या वरच्या श्रेणीचे माप घेऊ: १८५/६५ आर १५. यातील १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी रबराच्या भिंतीची उंची. येथे ती सुमारे १२० मिलिमीटर भरते. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. रिमचे ३८१ मिलिमीटर आणि खाली-वर मिळून दोन भिंतींचे २४० धरले की चाकाचा पूर्ण व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास येतो. ही आपली मुद्दल. रिम कोणतीही घ्या, या आकड्याला शक्यतो धक्का लागू नये. जाणकार तीन टक्क्यांपलीकडची तफावत मान्य करीत नाहीत. गाडीचा वेगदर्शक चाकाचे फेरे मोजून वेग सांगतो. याच रिमवर उठाव दिसावा म्हणून २०५/६५चा टायर चढविला, तर व्यास चार टक्क्यांनी वाढतो. म्हणजे काटा पूर्वी जेथे १०० दाखवी, तेथेच राहून गाडी १०४ने धावू लागते.

आता १६ इंची रिम घेऊ. तिच्यावर १९५/५५ घातल्यास व्यास जवळजवळ तोच राहतो, पण रबराची भिंत १०७ मिलिमीटर होते. १७ इंचीवर २०५/४५ घातल्यास ती ९२वर येते. रिमचा प्रत्येक इंच वाढताना भिंतीचा सुमारे अर्धा इंच खर्ची पडतो. वळणावर गाडी अधिक नेमकी वळते, स्टिअरिंगला धार येते, हा लाभ खरा आहे आणि तरुणांचे म्हणणे त्या मर्यादेत योग्यच आहे. परंतु खड्डा सोसण्याचे काम जी भिंत करते, तीच आपण कमी केलेली असते.

आणि रस्ते कोणते? चारोटी नाक्यापासून तलासरी, अच्छाडपर्यंतच्या महामार्गावर काँक्रीटच्या थराच्या कडा, सांधे आणि अवजड ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत. चारोटीहून कासामार्गे जव्हारकडे वळले की पावसाळ्यात खड्ड्याची खोली पाण्याखाली झाकलेली असते. अशा ठिकाणी ९२ मिलिमीटरची भिंत रिम आणि काठ यांच्यामध्ये चेपली जाऊन आतील धागे तुटतात. टायरच्या बाजूला फुगा दिसू लागतो. तो दुरुस्त होत नाही, टायरच बदलावा लागतो. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, विशेषतः खाचा झिजल्यानंतर. खाचांत असलेल्या लहान उंचवट्यांपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, रबर उतरले की टायर संपला असे समजावे. पहाटे महामार्गाच्या कडेने विहार करणारे साधू-साध्वी ज्या समाजाला वंदनीय आहेत, त्याने आपली गाडी किती अंतरात थांबते याची चिंता इतरांहून काकणभर अधिक करावी, असे मला वाटते.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असते, आणि दुकानदार नेमके तेच सांगत नाही. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो भार पेलावा; ८७ म्हणजे ५४५; ८४ म्हणजे ५००. वर सांगितलेल्या १५ इंची टायरवर सामान्यतः ८८ असते. १७ इंचीचा ८४चा टायर घेतला तर चारही मिळून २४० किलोंची क्षमता गेली. एकट्याने बोर्डीच्या सुरूच्या बनातून फेरी मारताना त्याने काही बिघडत नाही. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन पालिताण्यास निघालात म्हणजे बिघडते. १७ इंचीच्या त्याच मापात ८८ लिहिलेला अधिक मजबूत टायरही मिळतो, पण तो पूर्ण भार पेलण्यास जास्त हवा मागतो. अक्षर वेगाचे असते: एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. हे अक्षर मूळ टायरहून खालचे घेऊ नये.

रिम निवडताना बोल्टांचे वर्तुळ पाहावे. स्विफ्टला १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट, तर व्हर्टसला त्याच वर्तुळावर पाच. तेव्हा नुसता ‘शंभरचा’ असे सांगून भागत नाही. मधले छिद्रही हबवर तंतोतंत बसले पाहिजे, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते. आणि रिम किती आत बसते तो आकडा, ज्यास ऑफसेट म्हणतात, मूळच्या जवळचा असावा. चाके बाहेर काढून गाडी रुबाबदार दिसते खरी. पण बेअरिंगवर ताण येतो आणि भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासतो.

माझे मत विचाराल तर एक इंच वाढवावा, त्यापुढे जाऊ नये. तोही कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या श्रेणीस दिलेला असेल तर उत्तम. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम मूळ तपशिलाशी विसंगत बदलास आडकाठी करते, आणि अपघातानंतर विमा कंपनी कोणते कागद काढील याचा नेम नसतो. जड रिमने गाडी वेगवान होत नाही, उलट सुस्तावते. म्हणून रिमचे पैसे वाचवून तेच चांगल्या रबरात घालावेत. टायर घेताना त्यावरील चार आकडी शिक्का पाहावा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. जुना माल आपण दुकानात घेत नाही, तो गाडीलाही घेऊ नये. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी रिमवरील लेपाला ओरखडा पडल्यास तो लगेच भरून घ्यावा. खाऱ्या हवेने तेथे धातू झिजतो आणि टायरची हवा नकळत उतरू लागते.

अलॉय रिमचे नट पुष्कळदा लोखंडी स्टेपनीला लागत नाहीत. तेव्हा जुने नट दुकानात सोडून येऊ नयेत. पिशवीत बांधून डिकीत ठेवावेत.