आदेश ग्राहकाच्या हाती, पैसा बिल्डरच्या खिशात

इमारत उभी राहण्यापूर्वीच सदनिकेचे पैसे भरणारा मनुष्य कायद्याच्या भाषेत ग्राहक असेल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो बिल्डरला भांडवल पुरवणारा सावकार आहे. तोही असा सावकार की, जो स्वतः कर्जबाजारी होऊन दुसऱ्याला बिनव्याजी पैसा देतो आणि ताबा मिळेपर्यंत बँकेचा हप्ता व राहत्या खोलीचे भाडे असा दुहेरी भार वाहतो. (जाहिरातीतील तरणतलाव मात्र वेळेवर छापला जातो!)

कायदे नाहीत असे नव्हे. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने जमीन व इमारत गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून देण्याचे कर्तव्य बिल्डरवर घातले. ते इतक्या सर्रास बुडवले गेले की, २००८ साली ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करणे सरकारला भाग पडले. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याने प्रकल्पाची नोंदणी सक्तीची केली, ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेतील ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन घातले, रखडलेल्या घराचा पैसा व्याजासह परत मागण्याचा हक्क दिला. या तरतुदी चांगल्याच आहेत. त्यांची टिंगल करण्याचे समाजवाद्यांना कारण नाही.

प्रश्न वसुलीचा आहे. प्राधिकरणाने परताव्याचा आदेश दिला आणि बिल्डरने तो धाब्यावर बसवला, तर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची असते. म्हणजे वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथून तहसील कचेरीच्या दप्तरात! शेतसारा थकवणाऱ्याच्या दारातील गुरे जप्त करणारे हेच ना ते महसूल खाते? जप्ती आणि लिलावाचे तेच अधिकार बिल्डरच्या दाराशी येताच लुळे का पडतात?

दिवाळखोरीच्या कायद्यातही तोच वर्गीय न्याय. २०१८ साली घर घेणाऱ्यांना ‘वित्तीय धनको’ म्हणून मान्यता मिळाली. पण २०२० च्या दुरुस्तीने अट घातली की, एकाच प्रकल्पातील किमान १०० जणांनी किंवा एकूण ग्राहकांपैकी १० टक्क्यांनी, यांत जी संख्या कमी असेल तितक्यांनी, एकत्र आल्याविना अर्ज करता येणार नाही. बँक मात्र एकटी जाऊ शकते. दोघांचाही पैसा बुडालेला. पण एकाला दरवाजा, दुसऱ्याला रांग.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी: वसुलीसाठी तहसीलदारावर कालमर्यादा, आणि देणे फिटेपर्यंत त्या बिल्डरला नव्या बांधकामाची परवानगी बंद. जेथे जेथे वॉरंटे धूळ खात पडली आहेत, तेथे कार्यकर्त्यांनी ग्राहकांना संघटित करून तहसील कचेरीवर मोर्चे न्यावेत.